त्रेचाळिसावं हत्यार

सन १९४६, कार्तिक शुद्ध सप्तमी, सकाळी साडेनऊ. जागा, जालन्याला स्टेशनच्या रस्त्यावर आमच्या लारी-दुरुस्तीच्या कारखान्याची पेढी. रक्कम हाली रुपये सहाशे बारा. हजर पाच माणसं: कारखान्याचे मालक शेठ, भाड्यानं माल नेणाऱ्या शेठच्या लारीचा डायवर गणपत, त्या लारीत ज्याचा माल होता तो भोकरदनचा किराणा व्यापारी, यासीन मिस्त्री, आणि मी. मी त्या कारखान्याचा मुन्शी. कामाची वही माझ्या मांडीवर होती.

हाली म्हणजे निजामाच्या राज्यात चालणारा रुपया. इंग्रजी मुलखातला तो कलदार. सात हाली म्हणजे सहा कलदार, असा आमचा रोजचा हिशेब असे. सहाशे बाराची फोड अशी: मुंबईहून मागवलेले गिअरचे भाग कलदार तीनशे साठ, म्हणजे हाली चारशे वीस. रेल्वेचं भाडं आणि खरादीवरचं कातकाम अठ्ठेचाळीस. माल बैलगाड्यांनी भोकरदनला पोचवण्याचे बहात्तर. लारी चोवीस दिवस उभी राहिली त्याचे रोजी तीनप्रमाणे बहात्तर. बेरीज मी तीनदा केली होती. ती बरोबर होती. त्या वहीतली चूक बेरजेत नव्हती.

या अंकाच्या संपादकांनी मला धंद्यातल्या गमती लिहायला सांगितल्या आहेत. गमती पुष्कळ आहेत, त्यातली एक आधी सांगतो, कारण तिच्यावरून यासीन मिस्त्री कोण होता ते कळेल.

मी कामाला लागायच्या आधी एकदा एका कापूसवाल्यानं जुनी लारी विकत घेतली आणि मोठ्या खुशीत आमच्याकडे दाखवायला आणली. लारी लोण्यासारखी चालत होती, गिअरचा जराही आवाज नव्हता. यासीननं बोनेटही उघडलं नाही. आत बसला, फळी उचलली, गिअरबॉक्सचं झाकण काढलं आणि आत बोट घालून बाहेर काढलं. बोटाला तेलात मळलेला लाकडाचा भुसा. झिजलेले दाते वाजू नयेत म्हणून विकणाऱ्यानं तो भरला होता.

"शेठ, ही लारी न्हाई," यासीन म्हणाला, "हे सुताराचं दुकान आहे. चाकं लावून विकलं तुम्हाला."

"मंग आता?"

"आता काय, खुर्च्या करा."

तो कापूसवाला आधी चिडला, मग हसला, आणि पुढं सात वर्षं त्यानं आपल्या तिन्ही लाऱ्या यासीनशिवाय दुसऱ्या कुणाच्या हाती दिल्या नाहीत. सात वर्षं म्हणजे १९४६ च्या दसऱ्यापर्यंत.

यासीन तेव्हा पंचेचाळिशीचा असेल. कुंडलिका नदीच्या पलीकडे राहायचा. हैदराबादेत एका उस्तादाच्या हाताखाली शिकलेला. काढलेलं तेल दोन बोटांत चोळून तो सांगायचा की आत पितळ झिजतंय की पोलाद. मी एकोणीसशे एकेचाळीसपासून त्याचं काम वहीत लिहीत होतो. पाच वर्षांत त्याच्या हाताखालून गेलेली लारी त्याच कामासाठी परत आल्याची एकही नोंद नाही. हे मी आठवणीनं सांगत नाही, वही चाळून सांगतो. ती वही अजून माझ्याकडे आहे.

ज्यांनी लारी उघडलेली पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगावं लागेल. गिअरबॉक्स म्हणजे एक लोखंडी पेटी. तिच्यात लहानमोठी दातेरी चाकं एकमेकांत अडकलेली असतात. चढ आला की डायवर दांडा ओढून चाकांची जोडी बदलतो, लारी हळू चालते पण जोर वाढतो. ही चाकं सतत तेलात बुडालेली असली पाहिजेत. पेटीच्या तळाला एक भोक असतं, त्याला आट्यांचा बूच. कापसाचा हंगाम सुरू व्हायच्या आधी, दसऱ्याच्या सुमाराला, आम्ही प्रत्येक लारीचं गिअरचं तेल बदलत असू. बूच काढायचा, जुनं तेल सोडायचं, बूच हातानं फिरवून बसवायचा आणि वरून नवं तेल भरायचं. बुचाखाली चामड्याचा वायसर, म्हणजे चकती, असे, तो तेलात जरा भिजला की मग मोठ्या पान्यानं बूच पाऊण फेरा कसायचा. ही यासीनची पद्धत, आणि ती चांगली होती. हातानं बसवलेला बूच उभ्या लारीत फार तर थेंब थेंब गळतो. लारी धावू लागली की मात्र थरथरीनं आटे सुटत जातात.

म्हणजे सगळी गोष्ट पाऊण फेऱ्याची आहे.

खंडेनवमीला आमच्या कारखान्यात हत्यारांची पूजा असे. सगळी हत्यारं घासलेटनं धुऊन पाटावर मांडायची, हळदकुंकू, झेंडूची फुलं. शेजारी कामाची वही, तिलाही गंध. पूजा झाली की पेढीच्या खोलीला कुलूप. दसऱ्याच्या संध्याकाळी सोनं लुटून आल्यावर हत्यारं उठायची. तोवर कुणी एक खिळासुद्धा उचलायचा नाही. हा नेम शेठच्या वडिलांपासूनचा, आणि यासीन तो आमच्यापेक्षा कसोशीनं पाळी. धुतलेल्या पान्यांना फुलं तोच निवडून आणी, वर म्हणे, "माझी रोजी तुमच्या देवाजवळ एक दिवस मुक्कामाला."

या नेमाला आणखी दोन नेम जोडलेले होते, आणि ते माझ्या अखत्यारीतले. पहिला, हत्यारं मोजून पूर्ण असली पाहिजेत. कारखान्याची हत्यारं त्रेचाळीस. बेचाळिसांवर पूजा होत नसे. दुसरा, वहीत काम बाकी दाखवून वही पूजेला लावायची नाही. कामाच्या वहीत शेवटचा रकाना होता 'पूर्ण'. त्या दिवशी तो रकाना शेवटच्या ओळीपर्यंत भरलेला पाहिजे. वर्षाची बाकी देवापुढं नको, असं शेठ म्हणत.

त्या नवमीला मुहूर्त अकराचा होता. पावणेअकराला मी वही घेऊन अंगणात गेलो. एकच ओळ रिकामी होती. यासीन शेठच्या लारीच्या केबिनमध्ये फळी उचलून वरून तेल भरत होता. उजव्या हातात डबा, तेलाची धार सुरू. मोठा पाना बाहेर मडगार्डवर ठेवलेला.

"मिस्त्री, सही करा. वही पूजेला चालली."

"तेल भरून राह्यलो मुन्शीजी. खाली बूच कसायचा बाकी आहे."

"किती वेळ?"

"धार संपली का दोन मिनट."

"मंग दोन मिनटांनी पूर्ण होणारच ना? करा सही. भटजी घाई करून राह्यले."

तो हसला. "तुमच्या वहीत दोन मिनटं मावत न्हाईत का?"

"न्हाई मावत."

मी 'पूर्ण' लिहिलं आणि वही पुढं केली. त्यानं डाव्या हातानं, धार न मोडता, उर्दूत सही केली. 'पूर्ण' या शब्दाच्या कडेला त्याच्या अंगठ्याचा तेलाचा डाग पडला. मी टिपकागदानं टिपला, पण गेला नाही.

पेढीत येऊन हत्यारं मोजली. बेचाळीस. शेठ सोवळं नेसून उभे.

"मुन्शीजी, बराबर आहेत ना?"

"एक कमी आहे शेठ."

"आणा ना मंग."

मी परत गेलो. यासीन अजून भरतच होता. मी मडगार्डवरचा पाना उचलला.

"मुन्शीजी, दोन मिनट. हात मोकळा होऊ द्या."

"शेठ उभे आहेत मिस्त्री. तुमच्या एका पान्यासाठी पूजा अडली."

त्यानं एकदा पान्याकडे पाहिलं, एकदा पेढीकडे. "न्या," तो म्हणाला. "देवाचं काम आहे. पण उद्या हत्यारं उठली का पहिले हाच पाना माझ्या हातात. आन गणपतला सांगा, बूच कसल्याबिगर लारी बिलकुल हलवायची न्हाई."

"सांगतो," मी म्हणालो.

त्रेचाळीस झाली. पूजा मुहूर्तावर लागली. मला फार बरं वाटलं, हेही लिहून ठेवतो.

गणपत सणाला आपल्या गावी, अंतरवाली सराटीला, गेला होता आणि रात्री परतणार होता. मला साडेबाराच्या गाडीनं बदनापूरला घरी जायचं होतं. नवमीचं जेवण होतं, बायको-मुली वाट पाहत होत्या. लारीच्या काचेवर खडूनं 'थांबा' एवढं लिहिता आलं असतं, पण खडू पेढीच्या खणात आणि पेढीला कुलूप. चौकीदाराला सांगता आलं असतं. नाही सांगितलं. लारी दसऱ्याच्या संध्याकाळपर्यंत हलणार नाही अशी माझी समजूत होती. ती मी कुणाला विचारून घेतलेली नव्हती.

संध्याकाळी भोकरदनचा व्यापारी आला. त्याच्या नव्या दुकानाचा दसऱ्याला मुहूर्त होता आणि मीठ, गूळ, घासलेट स्टेशनवर येऊन पडलं होतं. शेठनं चौकीदाराला विचारलं, लारी तयार आहे का. चौकीदार म्हणाला, "व्हय शेठ, मुन्शीजीनं वहीत पूर्ण लिहून मिस्त्रीची सही घेतल्ती, म्या डोळ्यानं पाह्यलं." तो खरं तेच बोलला. हमालांनी माल भरला. गणपत रात्री आला आणि दसऱ्याला पहाटे पाचला लारी घेऊन निघाला.

यासीन सकाळी सातला कारखान्यात आला. दसऱ्याला लारीला हार घालतात तो पाहायला येत असे. लारीची जागा रिकामी होती आणि जमिनीवर तेलाचे चार थेंब होते. पुढचं मला चौकीदारानं सांगितलं. यासीननं पेढीचं कुलूप उघडायला लावलं. जोडे काढून उंबऱ्याबाहेर उभा राहिला. पाना पाटावर समोरच होता, त्यावर कुंकू आणि झेंडूचं फूल.

"घ्या की मिस्त्री," चौकीदार म्हणाला, "कोण बघून राह्यलं?"

यासीन आत गेला नाही. चौकीदाराची सायकल मागून घेतली आणि पान्याशिवायच राजूरच्या रस्त्याला लागला.

त्या रस्त्यावर त्यानं काय पाहिलं ते त्यानंच मला नंतर सांगितलं. आधी दूरदूर थेंब. मग थेंब जवळ आले. मग पांढऱ्या धुळीत एक सरळ काळी रेघ, बोटभर रुंद, मैलभर. "मी रेघ पाहून जोरात पाय मारून राह्यलो," तो म्हणाला. "मनात म्हटलं, रेघ आहे तवर तेल आहे. मंग रेघ संपली. तिथं मी सायकलवरून उतरलो मुन्शीजी. पुढं घाई करायला काही राह्यलं नव्हतं."

लारी राजूरच्या अलीकडच्या चढाला उभी होती. गणपत दगड लावून चाकाजवळ बसला होता. "दोन मैलांपासून रडून राह्यली होती," गणपतनं सांगितलं. "मला वाटलं नवं तेल हाय, बसंल अंगावर. चढाला दुसऱ्यात घातली आन आतून आवाज आला, पेटीत कुणी घण टाकल्यावानी." यासीननं खाली हात घातला. भोक कोरडं आणि हात भाजेल इतकं गरम. बूच नव्हता. तो तसाच पायी मागं फिरला, रस्ता बघत बघत, आणि चार मैलांवर त्याला धुळीत बूच सापडला. तो खिशात घालून त्यानं आणला.

मी संध्याकाळच्या गाडीनं जालन्याला उतरलो तेव्हा लोक एकमेकांना सोनं देत होते.

आता पुन्हा सप्तमीच्या सकाळकडे येतो. यासीननं तोवर पेटी पूर्ण खोलून नवी चाकं बसवली होती, त्याची जादा मजुरी घेतली नव्हती, आणि लारी आदल्या दिवशीच धावू लागली होती. शेठ कडक असले तरी न्यायानं वागणारे होते. त्यांनी विचारलं, "मिस्त्री, बूच गेला कसा?"

यासीननं खिशातून बूच काढून गादीवर ठेवला. "आटे साबूत आहेत शेठ. तुटून न्हाई पडला. कसलाच नव्हता."

स्वतःविरुद्धचा पुरावा त्यानं चार मैल पायी जाऊन शोधून आणला होता.

"का नव्हता कसला?"

यासीननं माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. हिशेबात एखादा आकडा राहिला की आपण समोरच्याकडे पाहतो, तसं. मी वहीकडे पाहिलं.

व्यापारी मध्येच म्हणाला, "आमच्या मुहूर्ताला मिठाचा खडा न्हाई आला दुकानात. बायाबापड्या रिकाम्या दुकानाला हार घालून गेल्या. ईद असती तर कसला असता ना बूच, मिस्त्री?"

"तसं बोलू नका," शेठ त्याला म्हणाले. पण बोलून झालं होतं. सेहेचाळीस साल होतं. तशी वाक्यं बाजारात रोज ऐकू येऊ लागली होती.

शेठ माझ्याकडे वळले. "वही काय म्हणते?"

मी वाचलं, "लारीचं गिअर तेल बदलणे. यासीन मिस्त्री. पूर्ण."

"सही आहे?"

"आहे."

"माझी चूक, शेठ," यासीन म्हणाला.

ज्याची सही त्याचं नुकसान, हा कारखान्याचा नियम होता. यासीनचा पगार हाली पंचावन्न. महिना अठरा कापायचे ठरलं. तसं मी लिहिलं.

मी का बोललो नाही? माझा पगार चाळीस होता, दोन मुली होत्या, वडील अंथरुणाला होते. ही कारणं मी इतकी वर्षं स्वतःला देत आलो आणि ती खोटी नाहीत. पण त्या घटकेला माझ्या मनात मुली नव्हत्या आणि वडीलही नव्हते. माझी वही खोटी ठरेल, एवढंच होतं. पाच वर्षांत माझ्या वहीतला एकही शब्द खोटा निघाला नव्हता. तो एक शब्द मी वाचवला.

सगळे गेल्यावर यासीन अंगणातल्या बाकावर बसला होता. मी जवळ गेलो.

"मिस्त्री, तुम्ही सांगितलं का नाही?"

"काय सांगू? पूजेपायी पाना न्हाई मिळाला म्हणू? माझ्या तोंडून? आज? तो भोकरदनवाला बाहेर जाऊन काय सांगंल, की यासीन म्हणतो हिंदूंच्या पूजेनं लारी मोडली. संध्याकाळच्या आत साऱ्या जालन्यात." त्यानं बूच हातात फिरवला. "तुम्ही बोलले असते, मुन्शीजी, तर ते नुसतं हिशेबाचं झालं असतं. दोन मिनटाचा हिशेब."

मी म्हणालो, "मी शेठला सांगतो."

"सांगा," तो म्हणाला.

त्या दिवशी शेठ कापसाच्या जिनिंगवर गेले होते. दुसऱ्या दिवशी पाहुणे होते. तिसऱ्या दिवसापासून, आता इतक्या दिवसांनी कसं सांगायचं, असं सुरू झालं. पुढं ते सोपंच होत गेलं.

पैशाचं नुकसान मोजता येतं म्हणून मी ते वर मोजून दिलं. दुसरं मोजता येत नाही. महिन्याभरात बाजारात 'यासीनचा बूच' हा शब्द झाला. हॉटेलात कपाचा कान हलला तरी हमाल म्हणायचे, "ए, यासीनचा बूच दिला का रे मला?" भुशाच्या लारीचा तो कापूसवाला येईनासा झाला. विचारलं तर म्हणाला, "मिस्त्री चांगला आहे हो, पण माझ्या मालाची जोखीम आहे." यासीन हे सगळं ऐकायचा आणि मान खाली घालून काम करायचा. पण त्याचे हात बदलले. एक बोल्ट कसला की तो पुन्हा कसायचा, मग परत येऊन पुन्हा. घरी निघालेला माणूस पुलापर्यंत जाऊन माघारी यायचा, "मुन्शीजी, एकदा पाना द्या, बघून जातो." एका दिवसाच्या कामाला दोन दिवस लागू लागले. मी वहीत तेही लिहीत होतो.

दर महिन्याला पगाराच्या दिवशी मी लिहायचो: पंचावन्न, वजा अठरा, सदतीस. तो सही करायचा. बावीस महिने. सेहेचाळीसच्या नोव्हेंबरपासून अठ्ठेचाळीसच्या ऑगस्टपर्यंत. बावीस गुणिले अठरा, तीनशे शहाण्णव.

सप्टेंबरात निजामावर पोलीस अ‍ॅक्शन झाली. त्या दिवसांबद्दल ज्यांना लिहायचं ते लिहितील. मी एवढंच सांगतो की त्यानंतर पंधरा दिवसांनी यासीन पेढीवर आला. बायको-मुलांना घेऊन हैदराबादेला मेहुण्याकडे चाललो म्हणाला. खांद्यावर त्याची स्वतःची पेटी होती. उस्तादानं दिलेली अठरा हत्यारं त्या पेटीत असत. ती त्यानं कारखान्याच्या हत्यारांत कधी मिसळली नव्हती, आणि बुचाला बसेल एवढा मोठा पाना त्यांत नव्हता.

"शेठ, दोनशे सोळा बाकी आहेत माझ्याकडे."

"राहू दे यासीन," शेठ म्हणाले. "आता कसली बाकी? जा तू सुखरूप."

"न्हाई शेठ. बाकी ठेवून गेलो तर लोक म्हणतील, बूच ढिला ठेवला, पैसेबी बुडवले आन पळाला. ही हत्यारं लावून घ्या."

शेठनं मला मोल करायला सांगितलं. मी एकेक हत्यार उचलून पाहिलं. एकावरही गंजाचा ठिपका नव्हता. शेठ म्हणाले, दोनशे सोळा धरा. यासीन म्हणाला, "न्हाई, मुन्शीजी बराबर करतील." मी बरोबर केलं. एकशे चौऱ्याहत्तर झाले. बेचाळीस कमी पडत होते.

माझ्या खिशात त्या महिन्याचा पगार होता. मी बेचाळीस मोजून गादीवर ठेवले आणि म्हणालो, "हे माझे घ्या. शेठ, त्या दिवशी पाना मीच..."

"मुन्शीजी," यासीननं मला मध्येच थांबवलं. नोटा माझ्याकडे सरकवल्या. "तुमचा पैसा कशाचा? वहीत तुमचं नाव न्हाई."

त्यानं कमरेचा कसा सोडून बेचाळीस रुपये रोख ठेवले. शेठ माझ्याकडे पाहत होते. मला वाटतं त्यांना तेव्हा कळलं, आणि कळून करण्यासारखं काही उरलेलं नाही हेही कळलं. मी खात्यापुढं शेवटची ओळ लिहिली.

"काय लिहिलं?" यासीननं विचारलं. त्याला मराठी वाचता येत नसे.

"पूर्ण."

त्यानं सही केली. या वेळी हात स्वच्छ होता, डाग पडला नाही. बूच त्यानं गादीच्या कोपऱ्यावर ठेवला आणि तो गेला. त्यानंतर मी त्याला पाहिलं नाही.

आठ-दहा दिवसांनी खंडेनवमी आली. पाटावर हत्यारं मांडली. मी मोजली. एकसष्ट होती. शेठनं विचारलं, "बराबर?" मी म्हणालो, "बराबर."

हे सगळं मी बायकोला दोन वर्षांनी सांगितलं. सहाशे बाराचे निम्मे, तीनशे सहा हाली, म्हणजे आपल्या रुपयांत दोनशे बासष्ट रुपये चार आणे सात पै, यासीनला पाठवतो असं म्हणालो.

"निम्मे का?" तिनं विचारलं. "पाना निम्माच उचलला व्हता का तुम्ही?"

निम्मेच जमले होते, तेवढे मनीऑर्डरनं पाठवले. मेहुण्याचा पत्ता चौकीदाराकडून घेतला होता. सव्वा महिन्यानं पैसे परत आले. या नावाचा इसम इथं राहत नाही, असा शेरा होता. दुसऱ्या पत्त्यासाठी मी आणखी दोन पत्रं लिहिली. उत्तर आलं नाही. ते पैसे पुढं धाकट्या मुलीच्या लग्नात खर्च झाले.

शेठ वारले, कारखाना विकला गेला. मी आता एका जिनिंगमध्ये हिशेब लिहितो. बूच माझ्या टेबलाच्या खणात आहे, वहीजवळ. आटे अजून साबूत आहेत.

खात्याचा शेवट असा. यासीन मिस्त्रीकडून शेठला पोचले, हाली रुपये सहाशे बारा: पगारातून तीनशे शहाण्णव, हत्यारांच्या मोलानं एकशे चौऱ्याहत्तर, रोख बेचाळीस. माझ्याकडून यासीन मिस्त्रीला पोचलं, काही नाही.